शंभर नंबरचा जेट

साल तेवीस, डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार. आमोशा होती, पण तिला काय घेऊन बसता, ती तर दर महिन्याला येती. नायगावात कारकुनी करणारा आनंदराज त्या दिवशी नांदेडला दुरुस्तीला टाकलेली मोटारसायकल आणायला गेला. काम साधं. गाडी त्याच्या धाकट्या भावाची, आदर्शची. भाऊ वर्षामागं गेला, तवापासून गाडी जाम होऊन पडली होती. आईचा एकच हट्ट, माझ्या लेकराची गाडी चालू होऊन दारात उभी पाहिजे. आनंदराज आपल्या बसण्याउठण्यातला माणूस, म्हणून हे ठाऊक हाय.

तुमच्यातल्या कुणी कुणी पॉड फिल्टर लावलेत ते बाहेरच्या गाड्या सांगून राहिल्या. खाली बघू नका. मूळचा डबा काढून ते उघडं फिल्टर लावलं की आवाज भारी येतो, पण हवा लई जाती. हवा वाढली की पेट्रोलबी वाढवावं लागतं, म्हणजे कारबेटरातला इवलासा पितळी जेट काढून मोठ्या भोकाचा घालावा लागतो. न्हाई घातला तर इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो, आन् मागचं चाक जागच्या जागी धरतं. आदर्श तसाच गेला. विष्णुपुरीला इंजिनेरी शिकणारं हुशार पोरगं, कृष्णूरजवळच्या बारक्या पुलावर संपलं.

फिल्टर लावला होता नायगावातल्याच मिस्त्रीनं, करीमभाईनं. आदर्श त्याच्याच दुकानात बसून हात काळे करायचा. बारके स्क्रू, जेट, समदं दातात धरून काम करायची पोराची सवय, आन् समोरचा एक दात अर्धा तुटलेला. करीम त्याला रोज शिव्या द्यायचा, गिळशील एखाद्या दिवशी म्हणून. करीमचं म्हणणं असं, की शंभर नंबरचा जेट मी पोराच्या हातात दिला, पोरगा म्हणला, सकाळी मीच बसवतो, तोवर चाळीसच्या वर न्यायची न्हाई असं बजावून सांगितलं.

पण पोराच्या खिशात जेट सापडला न्हाई. आनंदराजनं वर्षभर एकच लावून धरलं. दिला असता तर खिशात तरी असता न्हाईतर गाडीत तरी. करीमनं नुसता फिल्टर ठोकला आन् भावाला मरायला सोडलं. करीमच्या दुकानात माणूस फिरकंना. शेवटी तोच म्हणला, चार माणसांपुढं कारबेटर खोला, मी खोटा ठरलो तर शटर कायमचं खाली ओढतो.

बैठक बुधवारी सकाळची. आनंदराज आपल्या ठिकाणी निर्धास्त होता. इंजिन करायला टाकण्याआधी त्यानं स्वतः कारबेटर खोलून बघितलं होतं. आत जुनाच, बारक्या भोकाचा ऐंशी नंबरचा जेट. तो तसाच ठेवून त्यानं चारी स्क्रूंवर बायकोचं, लुंबिनीचं, लाल नेलपॉलिश लावलं. कुणी स्क्रू फिरवला की रंग तडकणार.

नांदेडच्या मिस्त्रीनं, नरसिंगनं, गाडी देताना सांगितलं, प्लग पांढरा येतोय, म्हणजे जेट बारका हाय साहेब, चाळीसच्या वर नेऊ नका. आनंदराजच्या डोक्यात किडा वळवळला. हे तर करीमचेच शब्द. हाबी त्याचाच माणूस दिसतो. मोबाईलची बत्ती लावून त्यानं चारी स्क्रू बघितले. रंग शाबूत होता. तरी मन खात राहिलं.

साडेआठला निघाला. नऊ पंचवीसला कृष्णूर मागं पडलं. कुणीतरी मागं येऊन राहिलंय असं वाटून दोनदा थांबला. रस्ता मोकळा. करीमनं माणूस लावला असंल, म्हणला मनाशी. तिसऱ्यांदा गिअर टाकला...

आन् मागची सीट दबली.

माणूस बसल्यावर दबती तशी.

त्यानं मान वळवली न्हाई. हात मागं नेला. सीट मोकळी. गार.

काटा सरकला. पन्नास. त्यानं रेस सोडली. साठ. ब्रेक दाबला. सत्तर... पूल दिसला. आता जाम होणार. आता चाक धरणार.

कानापाशी कुणी बोललं. हळू.

"दादा... वीस मिनिटं झाली का?"

पूल मागं गेला. इंजिन अडखळलंबी न्हाई. मग काटा आपोआप चाळीसवर आला. दबलेली सीट वर आली.

सकाळी चार माणसं जमली. आनंदराज रातभर जागा होता. करीमनं आधी प्लग काढला. बारक्या जेटवर पळालेल्या गाडीचा प्लग चुन्यासारखा पांढरा निघतो. हा चांगला बिस्किटाच्या रंगाचा. करीम त्याच्याकडं बघतच राहिला.

"ही गाडी ऐंशीवर चाललेली न्हाई," तो म्हणला.

लोकांनी स्क्रू बघितले. लुंबिनीनं सांगितलं, रंग माझाच, हात लागलेला न्हाई. करीमनं पेचकस लावला तसा रंग तडकला. खालची वाटी निघाली. आत शंभर नंबर.

आनंदराजनं वर्षभर पोटात दाबलेलं तिथंच बाहेर आलं. भाऊ गेला त्या रात्री शेवटची जीप चुकून तो कृष्णूर फाट्यावर थंडीत उभा होता. भावाला फोन लावला. आदर्श म्हणला होता, दादा, करीमभाईनं जेट दिलाय, अजून बसवला न्हाई, गाडी पळवायची न्हाई.

"मला ठाऊक होतं करीमनं दिलाय ते," आनंदराज म्हणला. "मी म्हणलो, कारणं सांगू नको. वीस मिनिटात ये."

करीमला रडू आवरंना. वर्षभर ज्यानं त्याला खुनी म्हणलं, त्याच्या पाठीवर त्यानं हात ठेवला. दुसऱ्या हातानं जेट पुसला, उन्हात धरला... आन् तसाच आनंदराजच्या तळव्यावर ठेवला.

पितळेवर दोन दात उमटले होते. एक सबंध. एक अर्धा.