आधी पंधरा, मग नऊ

कोथरूडला एका क्लासच्या वरच्या मजल्यावर दीपमालाचं ऑफिस. खाली दहावीची पोरं सूत्रं घोकायची, वर दीपमाला आपली पोरं सांभाळायची. तिची पोरं म्हणजे पर्ल नावाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या एका जुन्या स्क्रिप्टची. काम एका डायलिसिस सेंटरचं. सकाळी अकराला मुख्य स्क्रिप्ट प्रत्येक पेशंटमागे एक छोटा प्रोग्राम सोडायची. तो फोन उचलेपर्यंत लावत राहायचा, तब्येत विचारायचा आणि निकाल ठेवून संपायचा. दर पंधरा मिनिटांनी मुख्य स्क्रिप्ट निकाल गोळा करून ती नावं यादीतून काढायची. या छोट्या प्रोग्रामांना ऑफिसात सगळे पोरंच म्हणत.

साठ नावांत एक तिच्या वडिलांचं होतं. हिंमतरावांना तिनं वाशिमहून बिबवेवाडीच्या खोलीवर आणलं होतं. दोन शब्द बोलले तरी त्यांना धाप लागायची. दीपमालाला दुसरं कुणी नव्हतं.

गुरुवारी सरोजिनीबाई नावाच्या पेशंटचं पोर अकरा वीसला मेलं. चुकून नव्हे, कुणीतरी पंधरा नंबरचा सिग्नल पाठवला होता. पंधरा म्हणजे सभ्य निरोप, आवरा आता. दीपमालाच्या मनात पाल चुकचुकली. सर्व्हरचा पासवर्ड तिच्याखेरीज ऑफिसातल्या एकट्या सलिलकडे होता.

"तू मारलंस?"

"पोरं मारायची हौस असती तर खालच्या क्लासमध्ये शिकवायला नसतो का गेलो?" सलिल मान वर न करता म्हणाला.

तिनं गुपचूप पासवर्ड बदलला. सिग्नल कुणी पाठवला त्याची नोंद राहील अशी सोयही केली. म्हटलं, पकडतेच लेकाला. सोमवारी गोपाळकृष्ण नावाच्या पेशंटचं पोर तसंच गेलं. पाठवणाऱ्याचा नंबर आला शून्य, म्हणजे सर्व्हरवरचं कुणीच नाही. आणि दुपारी सेंटरमधून द्वारका सिस्टरांचा फोन.

"दोन नावं काढून टाका हो. सरोजिनीबाई गुरुवारी गेल्या, गोपाळकृष्ण आज."

"किती वाजता?"

सिस्टरांनी वेळा सांगितल्या. पोरं मेली त्या वेळांत नि यांत मिनिटाचाही फरक नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं तिनं स्वतःला दहादा बजावलं. तरीही घरी निघण्यापूर्वी तिनं वडिलांच्या पोरासाठी एक ओळ लिहिली: पंधरा नंबर आला तर ऐकायचं नाही. लिहिताना तिची तिलाच लाज वाटली.

मंगळवारी अकरा चारला हिंमतरावांच्या पोराला पंधरा नंबर आला. पोर जागचं हललं नाही. अकरा सातला पुन्हा. अकरा दहाला पुन्हा. तिनं घरी फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"हाव." धाप. "कोनी मानूस आलता. लय सभ्य. चला म्हने." धाप. "तीन डाव आला. म्या म्हनलं, पोरगी येऊ दे."

"दार उघडू नका, बाबा! मी निघाले."

तेवढ्यात पडद्यावर नऊ नंबर उमटला. पंधराला नाही म्हणता येतं. नवाला नाही.

पोर मेलं. फोनवरची धाप थांबली.

"बाबा?"

अकरा चौदा झाले होते. एका मिनिटात मुख्य स्क्रिप्ट निकाल गोळा करणार होती. तोवर मेलेलं पोरही यादीत राहतं, एवढं दीपमालाला ठाऊक होतं. तिनं मुख्य स्क्रिप्टलाच 'थांब'चा सिग्नल मारला.

अकरा पंधरा. यादी तशीच राहिली.

"बोल नं, माय," फोनवर हिंमतराव म्हणाले. त्यांना धाप लागत नव्हती.

गाडी दामटून ती घरी पोचली. दाराशी वडिलांच्या चपलांना अडखळली. ते खुर्चीत ताठ बसले होते. चहावर साय धरली होती.

"भूक नाही," ते म्हणाले. रात्रीही तेच म्हणाले. त्यांचा हात फरशीसारखा गार होता. डोळे मिटत नव्हते. दीपमाला आतून कडी घालून रात्रभर त्यांच्या पायाशी बसली. भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त आनंद होत होता.

बुधवारी साडेअकराला सलिलचा फोन आला.

"आज एकाही पेशंटला फोन गेला नाही. पासवर्ड बदललास, पण तुझा पडदा उघडाच राहिलाय; मुख्य स्क्रिप्ट तू थांबवलीस. एक मेलेलं पोर कालपासून लटकलंय. आता मी विचारतो, काय चाललंय तुझं?"

"सलिल, पाया पडते, सर्व्हरला हात लावू नको."

"कारण?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "सांगता येणार नाही."

"पन्नासच्या वर माणसं आहेत, दीपमाला. पाच मिनिटांत रीस्टार्ट करतोय."

"करू दे त्याले," हिंमतराव म्हणाले. "थो मानूस कालपासून दाराशी उभा हाये. किती ताटकळत ठेवशील? टोपी दे माई."

ती रडत रडत उठली. त्यांच्या डोक्यावर टोपी नीट बसवली.

"येतो, माय."

त्यांची मान बाजूला कलली.

बऱ्याच वेळानं तिनं कडी काढली आणि शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हिंमतरावांचा हात उचलून पाहिला. तो वाकेना.

"हे काल सकाळीच गेलेत. तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"इथेच?"

गुरुवारी तिनं सलिलकडे संशयानं पाहिलं होतं, तसेच डॉक्टर तिच्याकडे पाहत होते. तिनं नजर चुकवून खाली वळवली, दाराशी.

तिथं तिच्या एकटीच्या चपला होत्या.