मानेचा नकार

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्या लॅटिन–मराठी कोशाची पहिली मुद्रितं नुकतीच छापखान्यातून आली होती. वाचा गेली, उजवा हात गेला. समज मात्र शाबूत राहिली. चाळीस वर्षं वर्गात बोलून घसा बसवलेला माणूस आता मानेनं बोलू लागला. होकाराला खाली, नकाराला दोन्ही बाजूंना. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या पलंगाशेजारी मी टेबल मांडलं आणि अडेल तिथं त्यांना विचारू लागले.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. तिला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांच्या कृपेनं आमच्याकडे माणसं तीन आणि छत्र्या नऊ होत्या.

एका दुपारी मी 'अब्नुओ' या क्रियापदाशी आले. लॅटिन कोशात क्रियापद 'मी'च्या रूपात देतात, म्हणून अर्थही तसाच दिला होता: मी मान हलवून नाकारतो. पुढे उपयोग. माणसंच नाकारतात असं नाही; जागा नाकारते, वेळ नाकारते, म्हणजे तिथं ती गोष्ट होऊ शकत नाही. हस्तलिखिताच्या पानाच्या समासात बाबांची पेन्सिलीतली जुनी टीप होती: 'कर्म नसलं तरी वाक्य पुरं होतं. विचारणारा मात्र हवा.'

ही टीप छापायची का, हे विचारायला मी मान वर केली. बाबा आधीच नाही म्हणत होते. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. उघड्या दाराकडे बघत होते. दाराबाहेर आमचा बोळकंडीसारखा पॅसेज, आणि तो रिकामा होता.

साडेतीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तेच, त्याच वेळी. मी पुराव्यावर चालणारी बाई. वहीत वेळा टिपू लागले. आधी पाच मिनिटं, आठवड्यानं पंचवीस, मग तासभर. मध्येमध्ये ते थांबत, ऐकल्यासारखं करत, आणि पुन्हा मान हलवत. मी पलंग खिडकीकडे फिरवला, तर त्यांनी मान मागं पिळून दार गाठलं. दार लावून घेतलं, तर ते बंद फळीकडे बघत राहिले. नजर बरोबर उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

उशीवर घासून मानेची कातडी सोलवटली. एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, कुणाला नाही म्हणताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात शर्टाला बटण लावत बसलेल्या आत्याकडे पाहिलं, बराच वेळ. आणि पुन्हा दाराकडे वळले.

डॉक्टर येऊन बघून गेले. मेंदूला इजा झाली की स्नायू असे आपोआप ओढले जातात, म्हणाले. मानेत इंजेक्शन द्यायचं, चार-पाच दिवसांत स्नायू सैल पडतात, परिणाम तीन महिने टिकतो. माझी सही हवी होती. बाबांच्या परवानगीशिवाय मी कधी त्यांचं पुस्तकही हलवलं नव्हतं, म्हणून मी वाकून विचारलं, इंजेक्शन देऊ या ना?

त्यांनी मान हलवली. जोरात, पुन्हा पुन्हा.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "हेच ते."

मी सही केली.

पाचव्या दिवशी साडेतीनला बाबांची नजर दाराकडे गेली. मान गेली नाही. गळ्याची शीर तेवढी ताठ झाली. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, तरी मान जागची हलेना.

खोलीत अगदी शांत होतं.

आत्यानं सुई थांबवली. दाराकडे बघून ती ओळखीचं हसली.

"हो, येते की," ती म्हणाली.

कोणाशी बोलतेस, असं मी विचारेपर्यंत तिनं सुई कापडात खोचली होती, चष्मा काढून त्याची घडी घातली होती. ती उठली. पॅसेजमध्ये तिच्या सपाता चार पावलं वाजल्या.

पाचवं वाजलं नाही.

भिंतीला टेकून बसली होती ती, डोळे उघडे, एक हात पुढे केलेला, कुणीतरी तो धरून सोडल्यासारखा. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. बाबांची मान अजून सैल आहे. मी रोज साडेतीनला काम बाजूला सारते, पलंगाच्या कडेवर दाराकडे तोंड करून बसते आणि मान हलवते. डावीकडे, उजवीकडे. समोर कुणी दिसत नाही, काही ऐकू येत नाही. मैत्रिणींना सांगितलं तर मलाच इंजेक्शन द्यायला निघतील. पण मी थांबले की बाबांचा डावा हात माझा पदर घट्ट धरतो, म्हणून मी थांबत नाही. हल्ली हात सुटेपर्यंत साडेपाच वाजतात. रात्री मान उशीला टेकववत नाही.

काल पहिल्यांदा मला प्रश्न ऐकू आला. आवाज आत्याचा होता.

"दमलीस का गं?" एवढंच तिनं विचारलं.