दिवेलागणीनंतरचा नवरा

मस्तगडच्या वळणावर तो नंदाला धडकलाच! कापसाच्या जिनिंग कारखान्यातून पळत आलेला, पापण्यांवरसुद्धा कापूस... तिला हसू फुटणार, तोच मागून पोलिसाची शिट्टी वाजली.

शहराच्या सलामतीसाठी म्हणे निजाम सरकारचा हुकूम निघाला होता – दिवेलागणीनंतर तरणा पोरगा एकटा रस्त्यावर दिसला की कोठडी. घरची बाई सोबत असली तर सूट. तलवारी मिरवणारे मोकाट, आणि घाम गाळून घरी निघालेला गुन्हेगार! आग लागो असल्या सलामतीला.

"अकेला है?" पोलिसानं त्याची गचांडी धरली.

"माझे मालक हायेत!" नंदा बोलून गेली. का बोलली? तिचं तिलाच कळेना. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला.

"बराबर? मंग चला घरी. मी मागून येतो."

आता आली का पंचाईत! रीतीनं नवरा पुढं, बायको मागं. आणि नवऱ्याला घरच ठाऊक नाही.

"डावीकडं..." ती पदराआडून पुटपुटली. "अवो, डावीकडं!"

"असं कानाशी बोलल्यावर डावं-उजवं कुठं सुचतंय?"

"लाडात येऊ नका. कोठडीत जायचंय का?"

"भाकर घेऊन तुम्ही येणार असाल तर..."

आणि बोलता बोलता गडी तिच्या घराचं दार मागं टाकून पुढं!

"आता कुठं निघालात? घर इसरलात का?" नंदा ओरडली.

"लगीन नवं दिसतंय," पोलीस हसला.

झुंबरमावशीनं दार उघडलं. तीर्थपुरीहून राहायला आलेली आपली कुवार भाची, आणि हा कापूस लागलेला गडी... तिनं पोलिसाकडंही पाहिलं.

"या जावईबापू. पाय धुवा."

दार लागताच तिनं उलथनं उगारलं. "कोण रं तू?"

"पुंजाराम. जिनिंगवर असतो. आता सकाळपर्यंत बाहेर पडता येत न्हाई..." तो नंदाकडं वळला. "सकाळी आईला घेऊन येऊ?"

"कशाला?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. ते खरं करून घ्यायला."

रागवावं, लाजावं, की रडावं? "मला काय इचारता? मला कायबी कळून न्हाई राह्यलं!" म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"पोरी, ती तुझ्या वाट्याची," मावशी म्हणाली.

"मला भूक न्हाई."

तिघांतल्या कुणालाच ते खरं वाटलं नाही.