सकाळी कोमट लागणारं स्पिंडल

२०१९ सालची, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. ऐकीव नाही. मी तिथं होते, आणि माझ्यामुळंच ती घडली.

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप होतं. यजमान गेल्यावर मुलगा इंद्रजीत ते बघायचा, पण सकाळी शटर उघडायला मीच जायचे. नव्या सीएनसी मशीनच्या स्पिंडलमध्येच, म्हणजे कापायचं हत्यार गरगर फिरवणाऱ्या दांड्यातच, मोटर बसवलेली होती. पट्टा नाही, गिअर नाही. मिनिटाला चोवीस हजार फेरे.

ती मशीन चालवायचा कडुबा. पैठणहून पहिल्या एसटीनं यायचा. आल्या आल्या वीस मिनिटं स्पिंडल हळूहळू फिरवून तापवायचा. मग लेकराचा ताप बघावा तसा त्यावर तळहात ठेवायचा.

"एवढे लाड बायकोचे तरी करतोस का रे?"

"बायको थंडीत बी पळती, काकू. हिला गार अंगानं पळवली की बेअरिंग गेलंच समजा."

त्या सकाळी एसटी उशिरा आली. गेटवर माल न्यायला गाडी उभी. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. शेवटचा पार्ट कडुबानं आदल्या दिवशीच मशीनवर बांधून ठेवला होता. बटणं मला पाठ होती.

मी थेट पूर्ण वेगावर चालू केलं.

आधी शीळ. मग... किंचाळी.

घाबरून मी बंद केलं.

दहा मिनिटांनी कडुबा आला. स्पिंडलवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळला.

"काकू, कुणी चालवलं व्हतं का?"

"नाही."

तासाभरात बेअरिंग जळालं. इंद्रजीतनं सगळ्यांसमोर विचारलं, "तापवायचं टाळलंस ना?"

कडुबानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या किल्ल्या बघत राहिले.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

संक्रांतीच्या आसपास कळलं, कडुबा तापानं गेला.

तोवर नवं स्पिंडल बसलं होतं. बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी शटर उघडलं. मेन स्विच बंद होता.

तरी आत... बारीक घुमणं.

आवाज एकेक टप्प्यानं चढत होता. कडुबा चढवायचा तसाच.

मी दारातच उभी राहिले. वीस मिनिटांनी तो थांबला.

पुढं होऊन हात लावला...

कोमट.

आणि अगदी पाठीशी, हळू आवाजात... "काकू, कुणी चालवलं व्हतं का?"

मागं कुणी नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं, "नाही."

इंद्रजीतनं पुढं मशीन विकली. तो आता पुण्यात नोकरी करतो. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. घेणारा एकदा फोनवर म्हणाला, "मशीन उत्तम आहे काकू, सकाळी तापवावी लागतच नाही."

कडुबाची बायको मनकर्णाबाई पैठणलाच असते. तिला खरं सांगायला मी गेले होते. तिनं चहा केला. म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणायचे, माझंच काय तरी चुकलं असंल. काकू खोटं बोलणार नाय."

मी चहा पिऊन परत आले.

आता पुंडलिकनगरात एकटी असते. रोज पावणेआठला माझा उजवा तळहात तापायला लागतो. वीस मिनिटं. तेवढा वेळ मी रेडिओ मोठा लावून ठेवते, कुणी काही विचारलं तर ऐकू येऊ नये म्हणून.