चालते शिखर

प्रकाशतंतूंच्या विद्येत अठरा वर्षे मुरलेला तो अभियंता यंत्रावर सहसा अविश्वास दाखवीत नसे. तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडावा. वाटेत कोठे भंग असेल तर तेथून प्रकाश उलट फिरतो आणि पडद्यावर नेमक्या त्या अंतरावर एक शिखर उभे राहते. गणित सरळ, खोट्याला तेथे थारा नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला राखीव तंतूवर असे शिखर उमटले. अंतर, अठरा किलोमीटर सहाशे मीटर. त्याने पलीकडच्या केंद्रातील तंत्रज्ञाला फोन लावला.

"उजेड पोचतोय का तुझ्याकडे?"

"लख्ख पोचतोय, साहेब. तार ठणठणीत आहे. तुम्ही आधी चष्मा बदला!"

तो हसला. चष्म्याऐवजी त्याने यंत्र बदलले. नव्या पडद्यावरही शिखर होतेच. मात्र आता ते सतरा किलोमीटरवर होते.

बारा वाजता तेरा-सहाशे.

भंग आपली जागा सोडीत नसतो, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्याने कागदावर भागाकार मांडला. तासाला पाच किलोमीटर. ती चाल माणसाची होती.

ही तार त्याने स्वतः उभे राहून पुरून घेतली होती. तिचा मीटर न् मीटर त्याला मुखोद्गत. आठ-सहाशेला ती त्याच्याच घराच्या फाटकासमोरून जात असे. घरी तापाने फणफणलेली सात वर्षांची लेक होती आणि तिच्या उशाशी त्याची थोरली बहीण.

एक वाजता शिखर आठ-सहाशेवर आले, आणि थांबले. त्याने घरी फोन लावला.

"ताई, चिमी कुठंय?"

"खिडकीशी उभी आहे. केव्हाची कुणाला तरी हात करतेय. रस्त्यावर तर चिटपाखरू नाही. तापात भ्रमलंय पोर."

"दार लावून घे. तिला जवळ घे. आत्ताच्या आत्ता!"

"अरे, ओरडतोस काय असा? ही काय इथंच..." ताई थबकली. "थांब हं. चिमे? अगं चिमे!"

धावती पावले. उघडे दार भिंतीवर आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

किल्ल्या उचलताना त्याची दृष्टी पडद्याकडे गेली.

शिखर आल्या वाटेने परत निघाले होते. आठ-सहाशे दहा. आठ-सहाशे वीस.

त्याला बिलगून आता दुसरे एक शिखर होते, निम्म्या उंचीचे.

चाल मात्र पहिल्यापेक्षा मंद होती. लहान पावलांना साधेल अशी.