पांढऱ्या टॉवेलांवरचा डाग

नवी पेठेतल्या माडीवरच्या त्या ऑफिसात वाकून शिरावं लागेल, असा उंच माणूस क्वचितच यायचा. टॉवेल कारखान्याचे मालक अनिलकुमार वाकून आले. बसायच्या आधी त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. शुक्रवार होता, देवीचा प्रसाद. गुप्तहेर मुकुंदच्या आधी त्याचा मदतनीस जोतिराम याने हात घातला, हे सांगायला नकोच.

मग त्यांनी एक छापील अहवाल टेबलावर ठेवला. कडेला त्यांच्या बोटाचा लाल ठसा उमटला. टॉवेलवाल्याच्या हाताला रंग असायचाच, असं जोतिरामने परस्पर ठरवून टाकलं आणि दुसरा पेढा उचलला.

प्रकरण असं होतं. कारखान्यात कापड तपासायला एआयचा कॅमेरा बसवला होता. तपासणीच्या एकाही बाईला कमी केलं नव्हतं. उलट त्यांनाच संगणक शिकवून, कॅमेऱ्याला दोष ओळखायला शिकवण्याचं काम दिलं होतं. पण अलीकडे दर शुक्रवारी चांगले पांढरे टॉवेल 'डाग' म्हणून नापास व्हायचे. रंगीत मात्र पास. कॅमेऱ्याच्या प्रणालीने कारणही देऊन टाकलं होतं: शिकवण्यात चूक, महानंदा.

"पांढरा माल तिनेच शिकवला," अनिलकुमार म्हणाले. "मुद्दाम बिघडवतेय. संध्याकाळी काढणार तिला. पण बाई जुनी आहे, मन होत नाही. आधी खात्री करून द्या."

"नुसत्या यंत्राच्या शब्दावर काढलं नाहीत, हे बरं केलंत," मुकुंद म्हणाला.

कारखान्यात कॅमेरा टेबलाच्या वर, खांबाला चांगला उंच टांगलेला होता. भिंग खाली रोखलेलं, त्यावर काच.

महानंदा वळसंग गावची, बुटकीशी. संध्याकाळी काय होणार हे तिच्या कानावर गेलेलं होतं. "चौथी शिकलेली मी. माऊस धरताना हात कापायचा, तरी शिकले," ती म्हणाली. "घरची चूल माझ्या पगारावर हाय, सायेब. मी कशाला बिघडवू?"

रंगीत माल शिकवणारी चेतना तिच्या बाजूने तावातावाने बोलली. मुकुंदने तिला रंगाचं खातं कुठे आहे विचारलं. इथे रंगकाम होतच नाही, सूत बाहेरूनच रंगून येतं, असं ती म्हणाली. कॅमेऱ्याची काच कोण पुसतं? तीच, दर शनिवारी सकाळी, स्टुलावर चढून, रंगीत फडक्याने.

इंजिनियर अवधूत कामावर नेहमीप्रमाणे उशिरा उगवला. शुक्रवारी तर सकाळच्या अगदी पहिल्या टॉवेलापासूनच माल नापास होतो, हे त्यानेच सांगितलं. फोटो मात्र त्याने उघडले नव्हते. अहवाल असताना फोटो कशाला, असं त्याचं म्हणणं.

मुकुंदने महानंदाला एक पांढरा टॉवेल कॅमेऱ्याखाली धरायला लावला. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात लालसर झाक आली. टॉवेल उलटा फिरवला. झाक उजव्याच कोपऱ्यात.

"झालं काम," मुकुंद म्हणाला. जोतिरामला काहीच झालेलं दिसलं नव्हतं.

सगळे जमल्यावर मुकुंद सावकाश बोलू लागला. "टॉवेल फिरला, पण डाग फिरला नाही. म्हणजे डाग कापडावर नाही, काचेवर आहे. लाल झाक पांढऱ्यावर उठून दिसते, रंगीतावर लपते. शनिवारी काच पुसली जाते, म्हणून तक्रार शुक्रवारपुरतीच."

"मग महानंदाचं नाव कसं आलं?" जोतिरामने विचारलं.

"प्रणालीला चूक फक्त शिकवणाऱ्यांत शोधायला सांगितली होती. स्वतःच्या काचेवर शंका घ्यायला कुणी शिकवलंच नाही." अवधूतने मान खाली घातली.

मुकुंदने स्टूल ओढलं, वर चढून काच रुमालाने पुसली. रुमालावर कुंकू आलं.

"अवधूत येण्याआधीच माल नापास व्हायला लागतो. या दोघींना स्टूल लागतं, आणि सगळ्यांदेखत स्टुलावर चढून कुणी चोरटेपणा करत नाही. ज्याचा हात उभ्या उभ्या पोचतो, जो शुक्रवारी पूजा करून येतो, आणि इथे रंगकाम नसूनही ज्याचं बोट लाल आहे, असा माणूस एकच."

अनिलकुमार आपल्या बोटाकडे बघत राहिले.

"मीच की हो," ते म्हणाले. "आमच्यात मागाला कुंकू लावतात. या कॅमेऱ्याचं तोंड कुठलं ते कळेना, डोळा तेवढा दिसला. कामगार यायच्या आधी लावायचो. हे यंत्र आल्यापासून माल परत येणं थांबलं, म्हणून कुणाला काढावं लागलं नाही. आभार मानत होतो त्याचे."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे यंत्रालाही लागू आणि मालकालाही.

"आणि त्याला शिकवणारीचे आभार?" मुकुंदने विचारलं.

अनिलकुमारांनी अहवाल फाडला आणि महानंदापुढे हात जोडले. ह्यापुढे माणसाने पाहिल्याशिवाय यंत्राच्या सांगण्यावरून कुणालाही काढणार नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

महानंदाचे डोळे भरले. "कॅमेरा आला तवा आमाला घरी बसवलं न्हाय, शिकवलं. त्ये उपकार मी इसरणार न्हाय, मालक. पण शंका आली तर आदी मला इचारायचं की. आन् कुंकू खांबाला लावा."

अनिलकुमारांनी पेढे मागितले. जोतिरामने काखेतला पुडा कसाबसा पुढे केला. त्यात एकच पेढा उरला होता.

तो त्यांनी महानंदाला दिला. तिने मोडून अर्धा त्यांच्याच हातावर ठेवला.