अस्तरावर शिवलेला प्रवास

एक होतं शहर. फार मोठं नाही, फार लहान नाही. तिथल्या एका गल्लीत तिघं जण राहायचे. बॅगा दुरुस्त करणारा एक कारागीर, त्याला सगळे बॅगवालाच म्हणायचे, त्याची बायको, आणि त्यांची लेक. बॅगवाल्याच्या हातात कसब होतं, बायकोच्या बोलण्यात गोडवा होता, आणि लेकीच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. तरी जे शिरायचं ते त्यांच्याच घरात शिरलं. दिवा जरा मोठा करा आणि ऐका.

बायकोचे डोळे जात चालले होते. आधी सुईचं नेढं दिसेना, मग बसवरचा नंबर, मग समोरून आलेली शेजारीणसुद्धा हाक मारल्याशिवाय ओळखू येईना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधानं वेग कमी होईल, पण थांबणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या."

घरी येऊन बायको हसली. "राहिलं असेल म्हणे! सगळंच राहिलंय. लोकांच्या बॅगा जग फिरून आल्या, आणि मी मेली त्यांची अस्तरं शिवत बसले."

"काय बघायचंय तुला? सांग तरी," बॅगवाला म्हणाला.

तिला काही आठवावं लागलं नाही. परदेशात जायचं. तिथल्या आगगाडीत खिडकीशी बसायचं. एका गावात उतरायचं, ते डोळे भरून बघायचं, परत गाडीत बसून पुढच्या गावाला जायचं. बस, एवढंच.

"जाऊ," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यात इतक्या पटकन त्याने कुणालाच हो म्हटलं नव्हतं.

कारण त्याची खोड होती ती. कसब होतं, पण गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगायची सवय हाडीमाशी खिळली होती. त्याच सुमाराला दुकानात एक म्हातारी निळी बॅग घेऊन आली. चाक निखळलं होतं, मूठ हलत होती. म्हणाली, "भाऊ, एवढी करून द्या. एकटीच निघालेय. आगगाडीनं गावं बघायचीत."

"उद्या या, आजी."

उद्या ती आली. प्रवासाचा हंगाम, दुकानात बॅगांचा ढीग. गाडीतून उतरणारी माणसं आपली बॅग पुढ्यात ठेवायची आणि हा त्यांचीच आधी हातात घ्यायचा. म्हातारी स्टुलावर बसायची. बसल्या बसल्या कुठं कुठं जाणार ते सांगायची. पाणी कुठल्या खिडकीतून दिसतं, तेही कुणाकडून तरी विचारून आली होती. मग काठी टेकत उठायची. "बरं तर. उद्या." कितीदा आली देव जाणे. मग यायची थांबली.

ती थांबली तेव्हा कुठं त्याने बॅग पुढ्यात ओढली. चाकाला नवा खिळा, मुठीला दोन स्क्रू. चहा निवायच्या आत काम संपलं. इतकंसं काम! त्याने फोन लावला, कुणी उचलला नाही. शेजारच्या औषधवाल्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, "ती काठीवाली? अहो, गेली की ती. मागेपुढे कुणी नव्हतं. प्रवासाला निघणार होती, बॅगेसाठी थांबली होती म्हणे."

बॅगवाल्याने मान खाली घातली ती घातलीच. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

घरी तर नुसता उत्साह. लेक फोनवर गाड्या शोधायची आणि मायलेकींची रोज संध्याकाळी जुंपायची.

"आई, इथे उतरलं की लगेच समोरच्या फलाटावर दुसरी गाडी. धावलीस तर मिळेल."

"मी काय घोडा आहे धावायला? त्याच्या पुढची धर."

"मग पुलांचं शहर बघायला अर्धाच दिवस उरतो."

"मग घड्याळवाल्या गावातला मुक्काम कमी कर. घड्याळ काय, एकदा बघितलं की कळली वेळ."

गावांची नावं तिच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तिनेच ही नावं ठेवली होती. फोनवरचा नकाशा मात्र तिला दिसायचा नाही. नुसता पांढरा उजेड दिसतो म्हणायची. मग तिने डोकं लढवलं. बॅगेच्या अस्तराचा एक मोठा तुकडा घेतला, लेकीकडून त्यावर खडूने रस्ता काढून घेतला, आणि जाड लाल दोऱ्याने तो रस्ता शिवला. गाडीला धावदोरा, मुक्कामाला गाठ. आता तिला डोळे लागत नव्हते. बोट फिरवलं की कळायचं कुठून कुठं जायचं. दुपारभर टेबलाशी बसून ती बोटानेच प्रवास करायची आणि गालात हसायची.

मग घोडं अडलं बॅगेवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. बॅगवाल्याच्या घरात धड बॅग नव्हती. एका संध्याकाळी तो ती निळी बॅग घेऊन घरी आला.

"कुठून आणलीत?" बायकोने विचारलं.

"घेतली... जुन्या मालात मिळाली."

तिने बॅगेवरून हात फिरवला, मूठ ओढली, चाकं फरशीवर पुढेमागे केली. "किती हलकी चालतेय हो! माझ्यासाठी तुम्ही इतका विचार केलात." आणि शेजारणीला हाक मारून दाखवायला गेली. तो दारात उभा राहून ऐकत होता. बायको त्याची तारीफ करत होती आणि त्याला वाटत होतं जमीन दुभंगेल तर बरं. घरात डांबरगोळ्यांचा वास पसरला होता. बॅगेतला. दुकानात तो वास कधी आला नव्हता.

पुढच्या दुपारी बायकोचं बोट अस्तरावर फिरता फिरता थबकलं. "अगं, हे नवं गाव कुठलं?"

लेकीने वाकून पाहिलं. पुलांच्या शहरापासून एक फाटा निघाला होता. बारीक पांढरा दोरा, टाके इतके जवळ जवळ की मोजता येऊ नयेत, आणि टोकाला गाठ. "तूच शिवलं असशील, आई."

"मी? हे टाके बघ. मला सुई दिसत नाही नि मी असले टाके घालणार?"

"बाबा, तुम्ही?"

बॅगवाल्याने ब्लेडने दोरा उसवला. कापडावर टाक्यांची बारीक भोकं राहिली. दुसऱ्या दुपारी फाटा परत होता. पुन्हा उसवला, पुन्हा आला, आणि दर वेळी गाठ अधिक घट्ट. लेकीने फोनवर शोधलं. तिथे खरंच एक गाव होतं, तळ्याकाठचं, छोटी गाडी जाणारं. "छान दिसतंय की," ती म्हणाली. "जाऊया का?"

"नको," बॅगवाला म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

मग ती दुपार आली. लेक कामावर. बॅगवाला जेवायला घरी आला. गल्ली ऊन खात पडलेली, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. दाराशी चप्पल काढता काढता त्याला आतून बायकोचा आवाज ऐकू आला. हळू, गुजगोष्टी केल्यासारखा.

"हं... आणि तिथून मग?"

मध्ये शांतता. कुणीतरी उत्तर द्यावं आणि आपण ऐकावं, एवढी शांतता.

"अगंबाई! डावीकडे का? बरं झालं सांगितलंत..."

त्याने पडदा बाजूला केला. टेबलाशी बायको एकटी. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली. खुर्चीला लागून ती निळी बॅग, झाकण उघडं, आत काही नाही. आणि डांबरगोळ्यांचा वास असा की घशाशी यावा.

"कुणाशी बोलतेस?"

"बाईंशी." तिने खुर्चीकडे हात केला. तिच्या डोळ्यांना तिथे काय दिसत होतं कोण जाणे, एखादी सावली दिसली तरी ती माणूसच समजायची. "सांगतायत, तळ्याच्या गावाला जाताना डाव्या खिडकीशी बसा, पाणी डावीकडे आहे. सगळं माहितीये हो त्यांना."

"कोण... बाई?"

"अहो, असं काय करता? तुम्हीच ना पाठवलंत? तुमच्या ओळखीच्या आहेत म्हणाल्या. दुकानात फार वेळ बसायच्या म्हणे."

बॅगवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे बोलायला हवं होतं. एकच वाक्य. ही बॅग त्यांची आहे, मी त्यांना बसवून ठेवलं, त्या गेल्या आणि मी ती तुला आणून दिली. बायको रडली असती, चिडली असती, पण खुर्ची रिकामी झाली असती कदाचित. पण बायकोच्या तोंडावर त्याच्याबद्दलचं जे कौतुक होतं, ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

"हो..." तो म्हणाला. "ओळखीच्या आहेत."

खुर्ची किंचित करकरली. कुणीतरी सैलावून टेकून बसावं तशी.

"विचारत होत्या, मी येऊ का सोबत?" बायको म्हणाली. "म्हटलं, या की! त्यांना आता चालवत नाही, मला दिसत नाही. दोघींचं मिळून जमेल."

त्या दिवसानंतर फाटा कुणी उसवला नाही. लेकीने तळ्याच्या गावाची तिकिटं काढली. बॅगवाल्याने निघायच्या आदल्या दिवशी मुद्दाम दुसरी बॅग आणली, चांगली, नवी. बायकोने ती परत पाठवली. "ही इतकी प्रेमानं आणलीत, आणि आता नवी कशाला?"

तर गेले. पहिल्या शहरात बायको सगळं चाचपत फिरली, त्याचा दंड धरून. कठडे, दगडी भिंती, कारंज्याचं पाणी. तिसऱ्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. एकदम म्हणाली, "घोडा. पांढरा. बघा, पलीकडच्या उतारावर."

बॅगवाल्याचे डोळे धड होते. त्याला उतारावर काहीच दिसेना. गाडी वळली, पुष्कळ पुढे गेली, तेव्हा त्याला एक ठिपका दिसला, आणि आणखी पुढे गेल्यावर कळलं, घोडाच होता.

लेक आनंदाने रडायला लागली. "आई, तुला दिसतंय!"

"दिसतंय ग," बायको म्हणाली. "किती लख्ख!" आणि तिने बॅगवाल्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी, तोंडाकडे नीट पाहिलं. नुसती बघत राहिली. गिऱ्हाईक जसं बघतं, की आता हा काय सांगणार. बॅगवाल्याने नजर चुकवून खिडकीबाहेर बघितलं. पाणी लागलं होतं, डावीकडे.

तळ्याच्या गावी ती स्टेशनात उतरून कुणाला न विचारता चालत सुटली. दोन गल्ल्या, एक उतार, काठावर एक बाक. अंधार पडेपर्यंत बसली. लेक म्हणाली, आई, थंडी वाजतेय, चल. तेव्हा उठली, तर बॅगवाला बघतच राहिला. बायको उजव्या हातात नसलेली काठी टेकल्यासारखा हात पुढे करून उठली होती.

परत आल्यावर त्या घराचं खरंच भलं झालं. बायकोला सुईत दोरा ओवता यायला लागला, चष्म्याशिवाय. तिने अस्तरांचं काम पुन्हा धरलं, आणि तिचे टाके इतके बारीक पडायला लागले की लांबून गिऱ्हाइकं यायला लागली. लेकीचं आवडत्या मुलाशी लग्न जमलं. घरात हसणं आलं, माणसं आली. शेजारीपाजारी म्हणायचे, बघा, नशीब असावं तर असं.

फक्त डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी बायकोचे डोळे यंत्रातून बघितले, परत बघितले. मग तिला बाहेर बसवून बॅगवाल्याला आत बोलावलं.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे केलंत?"

"कसलं ऑपरेशन? नाही केलं."

"दोन्ही डोळ्यांचं झालंय. चांगलं झालंय, पण फार पूर्वीचं आहे. अशी पद्धत आता कुणी वापरत नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि बुबुळाभोवती पांढरी कडा आहे. ती इतकी ठळक ऐंशीच्या पुढच्या माणसाला असते. तुमच्या बायकोला अजून अवकाश आहे त्याला... मी मागे तपासले होते, ते डोळे हे नव्हेत."

फरशीकडे बघत तो बाहेर आला. बाकावर बायको बसली होती, हात मांडीवर, मान ताठ, न कंटाळता, न चुळबुळता, दाराकडे लक्ष लावून.

तेव्हापासून घरात सगळं आहे, सुख आहे, भरभराट आहे. तो जेवतो ताटाकडे बघून, बोलतो भिंतीकडे बघून. बायको कधी कधी काम थांबवते आणि लाडाने म्हणते, "अहो, एवढे डोळे आले मला, आणि तुम्ही एकदासुद्धा माझ्याकडे बघत नाही. वर बघा ना."

तो मान वर करत नाही. पण त्याला कळतं. ती शिवताना खाली बघत असली, पाठमोरी असली, शेजारणीशी खिदळत असली, तरी कुणीतरी त्याच्याकडे बघत असतं... आणि पापणी म्हणून लवत नाही.